आत्यांची ओळ

चॉकलेटच्या रॅपरवर नावं किती मावतात ते मला विचारा, मी झोपेतही सांगेन: नऊच्या टायपात सात ओळी. टाइप त्याहून लहान केला तर शाई पसरते, आणि आठवी ओळ घातली तर ती दुमडीत जाऊन डिंकाखाली मरते. बाकीच्या जगात म्हणे रॅपरवर बाळाचा फोटो, नाव आणि तारीख एवढंच टाकतात आणि लोक खूशही होतात. आमच्या जळगावात तसं करून दिलं तर गिऱ्हाईक ते उलटं करून बघतं, पुन्हा सुलटं करून बघतं आणि विचारतं, "ताई, बाकीची माणसं कुठंयत?"

बाकीची माणसं म्हणजे आजी-आजोबा, काका-काकू, मामा-मामी, मावश्या, आत्या, आणि उरलेल्यांसाठी 'समस्त परिवार'. क्रम चुकला तरी संपलं. थोरल्या मामांच्या आधी धाकटे मामा छापले गेले, तर धाकटे चॉकलेट खातात आणि थोरले न जेवता गाडी काढतात. पण मामा एक वेळ परवडले, आत्यांशी गाठ नको रे बाबा. आत्या म्हणजे मानाचं माणूस. तिचं नाव राहिलं तर ती भांडत नाही, नुसती रुसते, आणि तो रुसवा पुढची दोन लग्नं आणि एक वास्तुशांत खाऊन मगच निवळतो. म्हणून कुणीही ऑर्डर द्यायला आलं की मी पाणी विचारायच्या आधी विचारते, आत्या किती?

हा धंदा मी हौसेने नाही, संतापाने सुरू केला. माझे जेठ, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, हितेंद्रचे थोरले भाऊ नवलभाऊ, धुळ्याला असतात. सासूबाईही, ज्यांना सगळे अक्का म्हणतात, त्यांच्याचकडे. पाच वर्षांपूर्वी नवलभाऊंच्या मोनालीचं लग्न निघालं. पत्रिका हातात आली तेव्हा मी ती तीनदा वाचली. त्यात गल्लीतल्या गणेश मंडळाचं नाव होतं, पिठाच्या गिरणीवाल्याचं होतं, मोनालीच्या क्लासमधल्या सरांचं होतं. माझं नव्हतं. मी एकुलती एक काकू, आणि माझंच नव्हतं! मी विचारलं तर नवलभाऊ मोकळेपणाने हसून म्हणाले, "अगं, तू तर घरचीच." घरची म्हणून नाव नाही, आणि हळदीच्या आदल्या दिवशी पंधरा किलो वांगी भाजायला मात्र घरची म्हणून पहिला फोन. त्या दिवशी भरताची वांगी भाजता भाजता मी ढसाढसा रडले, आणि धूर लागला असेल म्हणून कुणीतरी मला ओला रुमाल आणून दिला. वर त्याच लग्नात माझ्या नव्या चपला चोरीला गेल्या. तेव्हापासून कुठल्याही कार्याला गेले की मी चपला पिशवीत घालून खुर्चीखाली ठेवते, मग कुणी हसो की रडो.

धुळ्याहून परतल्यावर मी गोलाणी मार्केटातून रंगीत प्रिंटर आणला आणि मेहरूणच्या आमच्या घरातली मागची खोली ताब्यात घेतली. काम दिसायला सोपं आहे. घाऊक बाजारातून चॉकलेटच्या वड्यांचे डबे आणायचे, वरचा कागद काढायचा, चांदीचा तसाच ठेवायचा, आणि त्यावर आपलं छापलेलं रॅपर ताठ ओढून मागे डिंकाची काडी फिरवायची. पण जळगावच्या मे महिन्यात हे करून दाखवा म्हणजे कळेल. दारं-खिडक्या बंद, कूलर माझ्याकडे तोंड करून, आणि तरीही वडी हातात घेतली की ती लाजल्यासारखी मऊ पडते. दिवसभर तो वास नाकात गेल्यामुळे माझी गोडावरची वासनाच उडाली. चहासुद्धा बिनसाखरेचा घेते. प्रिंटरवर मात्र मी पहिल्याच दिवशी हळद-कुंकू वाहून म्हटलं होतं, माझ्या हातून कुणाचं नाव सुटायचं नाही. आणि कधीतरी धुळ्याच्या त्या घरातल्या कार्यात माझं नाव छापलेलं मी बघेन. एवढंच मला हवं होतं, दुसरं काही नाही.

चूक झाली ती दोन वर्षांपूर्वी. मुक्ताईनगरकडचे मोतीलालभाऊ, केळीचे मोठे बागाईतदार, त्यांच्या नातवाचं जावळ होतं आणि दीडशे चॉकलेटं हवी होती. नातवाला आत्या तीनच. ओळ मधोमध आणली तरी दोन्हीकडे जागा उरत होती, आणि खालच्या भरगच्च मावश्यांपुढे त्या तीन आत्या अगदी बिचाऱ्या दिसत होत्या. चौथं नाव आलं तर कसं दिसेल, ते नुसतं बघावं म्हणून मी टाइप केलं: बेबाबाई. हेच नाव का सुचलं, ते मला आजही सांगता येणार नाही. माझ्या माहेरी बेबाबाई नाही, सासरी नाही, गल्लीत नाही. ओळ मात्र अशी नेमकी भरली की मी खूश होऊन चहा टाकायला उठले, आणि परत येऊन दिलं छापून.

माल बर्फाच्या पिशव्या लावून रवाना झाल्यावर, नमुन्याचं रॅपर फाइलला लावताना माझी नजर त्या ओळीवर पडली. दुसऱ्याच्या घरात मी एक आख्खी आत्या घुसवली होती! पुढचे तीन दिवस फोन वाजला की मी आधी देवाकडे बघायची आणि मग फोनकडे. चौथ्या दिवशी मोतीलालभाऊंचाच आला.

"ताई, काम एक नंबर. एकबी नाव सुटलं नाही."

"आणि जास्तीचं?" मी चाचरत विचारलं.

"जास्तीचं काहून? बेबाबाई म्हणता का? खरं सांगू, आमच्या तर ध्यानातच नव्हत्या त्या. मला वाटलं मंडळीच्या माहेरच्या, मंडळीला वाटलं माझ्या वडिलांच्या चुलत. विचारणार कोण? विचारलं म्हणजे समोरच्याचा अपमान. तुमच्यामुळे इज्जत वाचली बघा."

"म्हणजे... त्या आल्या होत्या?"

"आल्याच असतील की. त्यांच्या नावाची वांगी रंगाची साडी बाजूला काढून ठेवली होती, ती काही उरली नाही."

फोन ठेवून मी इतकी हसले, इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. हितेंद्रला सांगितलं, तर ठिबक सिंचनाच्या नळ्यांची बिलं चाळता चाळता तो म्हणाला, "साडी कुणीतरी लांबवली असेल." तेही खरंच होतं. विषय तिथे संपला.

पुढच्या महिन्यात भडगावच्या पुनमच्या साखरपुड्याची ऑर्डर आली. पोरगी स्वतःच बोलत होती, चुणचुणीत, आणि तिने आत्यांची यादी क्रमवार लिहून पाठवली होती. या वेळी मी हात धुऊन, चष्मा पुसून, प्रत्येक नावावर बोट ठेवून तपासलं आणि नमुना तिला मोबाइलवर पाठवला. पाच मिनिटांत फोन.

"ताई, बाकी मस्त. फक्त बेबा आत्यांचं नाव राहिलं."

"कोण बेबा आत्या?"

"अहो, आपल्या!"

"तुझ्या पप्पांच्या बहीण?"

"ते नक्की नाही माहीत. पण मुक्ताईनगरच्या जावळाचं चॉकलेट आमच्याकडे आलं होतं, त्याच्यावर होतं ना नाव. पप्पा म्हणाले, तिकडे टाकलं आणि आपण नाही टाकलं तर कसं दिसेल?"

या प्रश्नाला आख्ख्या खानदेशात उत्तर नाही, माझ्याकडे कुठून असणार? टाकलं.

त्यानंतर मला तिला काढताच आलं नाही. मी नाव गाळायची आणि गिऱ्हाईक परत घालायचं. बारसं असो, डोहाळजेवण असो, कुणा गुरुजींचा निवृत्तीचा समारंभ असो, आत्यांच्या ओळीत शेवटी बेबाबाई. आणि आता तिच्याबद्दल बातम्याही यायला लागल्या. फार बोलत नाहीत म्हणे, पण मान मोठा. सगळ्यात आधी येतात आणि दाराजवळच्या कूलरसमोर बसतात. चहा बिनसाखरेचा लागतो. चपला पिशवीत घालून खुर्चीखाली ठेवतात. हे शेवटचं ऐकलं तेव्हा मी हातातली वडी खाली ठेवली. मग स्वतःलाच म्हटलं, निम्मा खानदेश कूलरसमोर बसतो, आणि चपला काय एकट्या माझ्याच चोरीला गेल्यात? "तुम्ही स्वतः पाहिलं का त्यांना?" असं मी प्रत्येकाला विचारायची. वहिनीने पाहिलं म्हणायचे. वहिनीला विचारलं तर ती म्हणायची, मावशीने.

शेवटी एकदा जेवताना मी हितेंद्रला स्पष्ट सांगितलं, "हे बघ, बेबाबाई नावाची कुणी नाही. मी केलीय ती. ओळ भरायला."

त्याने घास तसाच हातात धरला. "असं बोलू नये गं," तो हळूच म्हणाला. "म्हातारं माणूस आहे. कानावर गेलं म्हणजे?"

मी कपाळावर हात मारला आणि त्याला आणखी भाकरी वाढली.

या वर्षी एप्रिलमध्ये पियुषचं लग्न ठरलं. पियुष म्हणजे नवलभाऊंचा धाकटा, मोनालीचा भाऊ. हळदीला दोनशे एक चॉकलेटं, आणि ती काकूने करायची, असा निरोप खुद्द नवलभाऊंनी पाठवला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्या घरातलं कार्य, आणि नावं छापणारी मी. सगळ्यात आधी, बाकी काहीच न टाकता, मी एक ओळ टाइप केली: 'काकू: सौ. कामिनी'. मग खुर्ची मागे घेऊन लांबून बघितली. एकटीची ओळ होती, तरी भरलेली वाटत होती.

त्याच संध्याकाळी अक्कांचा धुळ्याहून फोन. अक्का आमच्या आहिराणीशिवाय दुसरं बोलत नाहीत.

"कामिनी, आत्यासना ओळमा बेबाबाईनं नाव टाकजो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "अक्का, आपल्याकडे कोण बेबाबाई?"

"तुले काय माहीत? तू ते काल उनी. बठ्ठासनी आत्या शे ती. रुसनी म्हणजे?"

बावीस वर्षं झाली मला त्या घरात येऊन, आणि मी काल आले! आणि जिला मी एका रिकाम्या जागेत आणून बसवली, ती बठ्ठ्यांची, म्हणजे सगळ्यांची आत्या. मला राग आला, हसू आलं आणि शेवटी नुसतंच वाईट वाटलं. फोन कधी ठेवला ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला बसले. पियुषला सख्ख्या आणि चुलत मिळून आत्या पाच. त्यांची ओळ आधीच काठोकाठ. बेबाबाई घातली की ती खालच्या ओळीत उतरायची आणि एकूण ओळी व्हायच्या आठ. आठवी म्हणजे डिंकाखाली. अक्षर लहान केलं, तर छापून बघितल्यावर अक्कांचं नावच शाईत बुडालं. मग एक ओळ कमी करायला हवी. मामांची? नवलभाऊंचे मेहुणे मांडवातून उठून जातील. मावश्यांची? जाऊबाई जन्मभर ऐकवतील. 'समस्त परिवार' काढला तर तीनशे माणसं रुसतील, एकदम. मी एकेका ओळीवर बोट ठेवत खाली आले आणि काकूच्या ओळीवर थांबले. हे नाव काढलं तर कोण रुसणार? कुणीच नाही. मी तर घरचीच.

हे मी मोठ्याने म्हटलं, आणि माझ्याच तोंडून नवलभाऊंचं वाक्य ऐकून मला कसंतरीच झालं. पण हळद तोंडावर आली होती, कागद कापून तयार होता. आणि खरं सांगायचं तर मनात असंही आलं, की बेबाबाई तरी कोण? माझीच की. तिचं नाव लागलं म्हणजे एका परीने माझंच लागलं. मी एक कळ दाबून धरली आणि एकेक अक्षर करत कामिनी निघून गेली. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

तरी जीव राहिना. काकूच्या ओळीसकट एकच रॅपर मी वेगळं छापलं, एका वडीला गुंडाळलं आणि माझ्या पर्समध्ये टाकलं. कुणाला दाखवायला नाही, आपल्यापुरतं.

हळदीच्या दिवशी सकाळीच आम्ही निघालो. एरंडोल गेलं, पारोळा आला, मागच्या सीटवर थर्माकोलच्या खोक्यात दोनशे एक चॉकलेटं. पारोळ्याला हितेंद्रने चहा आणून दिला, तो दोन्ही हातांनी धरून. मला वाटलं, भरलेला असेल कप. धुळ्याला देवपुरात, नवलभाऊंच्या घरासमोर गाडी थांबली तेव्हा तो उतरून माझ्या बाजूला आला आणि त्याने माझं दार उघडलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा! "सावकाश उतरा," तो म्हणाला, "मी गाडी लावून येतो." माझ्याशी अहो-जाहो कशाला, असं विचारणार होते. पण मांडवात माणसं होती, चारचौघांत बायकोशी अदबीने बोलायचं त्याला आज सुचलं असेल, अशी समजूत करून घेतली.

मांडवाच्या तोंडाशी जाऊबाई उभ्या होत्या. मला बघताच त्या पदर सावरत पुढे आल्या. "या या! किती वाट बघायला लावली!" त्यांनी माझा दंड धरून मला कूलरसमोरच्या खुर्चीवर बसवलं. तीच एक गादीची खुर्ची होती. दर वेळी मी या घरात पाऊल टाकलं की माझ्या हातात झारा यायचा, आणि आज पाण्याचा तांब्या आला. मी सवयीने चपला पिशवीत घालून खुर्चीखाली सरकवल्या, तशा दोन-चार बायका एकमेकींकडे बघून कौतुकाने हसल्या.

खोकं उघडलं गेलं होतं. अक्का चष्मा लावून एका रॅपरच्या मागच्या नावांवर बोट फिरवत होत्या. शेवटपर्यंत जाऊन त्यांनी मान डोलावली. "बठ्ठा नावं बराबर शेत," त्या म्हणाल्या. "कोनीच ऱ्हायनं नई."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात नवलभाऊ आले. पंचावन्न वर्षांचा माणूस, डोक्याला फेटा, माझा जेठ. मी डोक्यावरून पदर घेत उठायला लागले, तर त्यांनी हाताने खाली बसवलं आणि वाकून माझ्या पायांना हात लावला.

"अहो भाऊ! हे काय करता! मी कामिनी!"

मांडवात हसू पिकलं. "आत्यांचा स्वभाव गमत्या आहे, ऐकलं होतं," कुणीतरी म्हणालं. जाऊबाईंनी माझी ओटी भरली आणि मांडीवर साडी ठेवली. वांगी रंगाची, भारी पदराची. मागाहून कप आला. पहिल्या घोटालाच कळलं, बिनसाखरेचा.

आता माझं चुकलं ते हेच. त्याच वेळी ओरडून उठायला हवं होतं. पण खरं सांगते, मला बरं वाटत होतं. त्या घरात कुणी माझ्यासाठी खुर्ची मांडली नव्हती, कुणी माझी वाट बघितली नव्हती. कूलरचा वारा तोंडावर येत होता. म्हटलं, दोन मिनिटं बसू, मग सांगू. हितेंद्र गाडी लावून येईल, तो एका वाक्यात सगळं निस्तरेल. मी चहा बशीत ओतून पूर्ण प्याले.

हितेंद्र आला. पियुषच्या खांद्यावर हात टाकून, हसत. माझ्यासमोर येऊन तो थांबला, वाकला, आणि माझ्या पायांना हात लावून तो हात त्याने स्वतःच्या छातीला लावला.

"प्रवासाचा त्रास नाही ना झाला आत्या?"

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. चेष्टा करताना त्याची डावी भुवई हलते. ती हलली नाही. मी पर्स उघडली आणि ती एकटी वडी बाहेर काढली. उन्हाने ती पार मऊ झाली होती, पण अक्षरं शाबूत होती. मी ती त्याच्या हातात ठेवली आणि काकूच्या ओळीवर बोट टेकवलं.

"हे वाच," मी म्हटलं. "हे नाव वाच."

त्याने खिशातून चष्मा काढून लावला. "काकू, सौ. कामिनी," त्याने सावकाश वाचलं. मग नवलभाऊंकडे बघितलं. नवलभाऊंनी जाऊबाईंकडे बघितलं. जाऊबाईंनी अक्कांकडे. त्या नजरा मला पाठ होत्या. प्रत्येकाला वाटत होतं, समोरच्याकडची असेल, आणि विचारणार कोणीच नव्हतं.

"अरे हो! कामिनीकाकू!" हितेंद्र घाईघाईने म्हणाला, आणि वळून जाऊबाईंना हळू आवाजात सांगितलं, "वहिनी, त्यांच्या नावाची एक साडी बाजूला काढून ठेवा. आल्या आणि रुसल्या म्हणजे?"